नवरीच्या जन्मसालची गाणी

तुम्ही हसाल, पण स्वतःच्या हळदीत मी भीतीनं गार पडले होते. स्थळ बघताना आत्यानं बायोडाटात माझं वय दोन वर्षं कमी लिहिलं होतं आणि मैत्रिणींना त्याचा पत्ताच नव्हता.

बेलवलीहून सासूबाई उष्टी हळद घेऊन आमच्या अंबरनाथच्या मांडवात शिरल्या, तेवढ्यात माझी मैत्रीण पिंकी माइकवर ओरडली, "सरप्राइज! आता डीजेवर नवरीच्या जन्मसालची हिट गाणी!"

सासूबाईंना प्रत्येक पिक्चरचं साल तोंडपाठ. पहिलं गाणं लागलं तशा त्या जागच्या जागी थांबल्या आणि बोटं मोजायला लागल्या. आत्या आचाऱ्याच्या मागे जाऊन लपली. म्हटलं, संपलं, हळदीतच लग्न मोडतंय.

त्या सरळ माझ्यासमोर आल्या, गालाला हळद लावली आणि कानात म्हणाल्या, "दोन वर्षं ना?"

मी रडायचीच बाकी होते. कशीबशी मान हलवली.

"रडू नको ग. तिकडे पोरं नवऱ्याच्या जन्मसालची लावणार होती." त्यांनी हळूच पर्स उघडून आतला पेनड्राइव्ह दाखवला. "आमची तीन आहेत."