ओल्या टोपलीला मनाई

तुम्ही त्या नव्या इलेक्ट्रिक बसचं कौतुक करताय, पण परवा भुईगावच्या थांब्यावर काय झालं ते ऐका. बस पालिकेची, चालवणारी कंपनी खासगी. आमच्या शेजारच्या फिलोमिनाबाय अळूची टोपली घेऊन पापडीच्या बाजाराला निघाल्या होत्या. कंडक्टरनं दारातच अडवलं.

"मावशी, टोपली ओली आहे. गाडी स्वच्छ ठेवायची, कंपनीचा नियम आहे."

"पानी हाय ते, डिझेल नाय. जुन्या गाडीत कोन अडवत नव्हता."

"मग जुन्या गाडीनंच जा."

जुनी गाडी बंद केलीय, हे त्यालाही माहीत होतं. मी त्यांच्या मागेच चढायला उभा होतो, माझं डोकंच फिरलं. मी दारात पाय रोवून उभा राहिलो. दार लागल्याशिवाय ती बस हलत नाही.

"साहेब, लोकांना उशीर होतोय," कंडक्टर म्हणाला.

"मग ह्या कोण आहेत?" मी फिलोमिनाबायकडे बोट दाखवून विचारलं.

शेवटी ड्रायव्हर उठला. त्यानं टोपली उचलून आपल्या सीटमागे ठेवली.

काल त्याच बसमध्ये 'टोपल्या नेण्यास मनाई' असा कागद चिकटवला होता आणि ड्रायव्हर दुसराच होता. पहिल्याला घरी बसवलंय म्हणे. कागद मी फाडला. सोमवारी डेपोत जाब विचारायला जातोय. त्या ड्रायव्हरच्या बाजूनं बोलायला तुमच्यापैकी कोण येतंय, तेवढं सांगा.