खिडकीतून गंगा हवी!

मंडळी, एक सांगा — यात्रेला निघालेला माणूस पोचतो कधी? स्टेशनात उतरल्यावर? खोलीत पिशव्या टाकल्यावर? माना नका डोलवू, उत्तर येत नाही ते मला दिसतंय! मग ऐका.

संगमनेरचे मोरेश्वरराव. तहसील कचेरीतून निवृत्त. वांगी घ्यायची तरी सगळा बाजार पालथा घालणारे! त्यांच्या पत्नी द्वारकाबाई. गुडघ्यांनी बेजार. बाईंची एकच इच्छा — काशीत संध्याकाळची गंगेची आरती डोळे भरून बघायची. आणि मुक्काम किती? एक दिवस! पहाटे पुढची गाडी.

सकाळी काशीत उतरले, रिक्षाने घाटाजवळ आले. मोरेश्वररावांनी बाईंना हात धरून, दम खात खात घाटावर खाली आणलं, पाण्याजवळच्या पायरीवर सामानाशी बसवलं. म्हणाले, "अगं, आरतीच्या गर्दीत तुझे हाल होतील. अशी खोली बघतो, की खाटेवर पडून आरती दिसेल! आलोच."

आलोच! हा शब्द पुरुषाने उच्चारला की बायकांनी खुशाल डाळ भिजत घालावी!

खोली कशी हवी? घाटाला लागून, जिना नको, खिडकीत गंगा — आणि भाडं संगमनेरचं!

पहिलं लॉज. नाव 'गंगादर्शन'. खिडकी उघडली — समोर शेजाऱ्याची भिंत, भिंतीवर शेजाऱ्याचा लेंगा! "गंगा कुठाय?" मालक म्हणतो, "लेंग्याच्या मागे!"

दुसरीकडे गंगा दिसली, पण चौथ्या मजल्यावरून. तिसरीकडे दारातच एक नंदी बसलेला. मोरेश्वररावांनी हात जोडले, हुसकावलं, केळं दिलं. केळं खाल्लं, पण हलायचं नाव नाही!

चौथीकडे सगळं जुळलं. भाडं ऐकून मात्र यांचे डोळे पांढरे! "एवढं?"

"गंगेचं वेगळं पडतं, साहेब."

"गंगा काय तुझ्या तीर्थरूपांनी आणली?"

"छे! गंगा भगीरथाने आणली. खिडकी आमच्या तीर्थरूपांनी पाडली!"

तिथून निघाले. पुढे गल्ली, गल्लीत बोळ. जातील तिथे नळ सोडून बघ, गादी थोपटून बघ, चादरीचा वास घे! दुपार टळली. जेवण नाही, पाणी नाही. पण मंडळी, हसताना एक ध्यानात ठेवा — हा माणूस स्वतःसाठी फिरत नव्हता. बायकोच्या गुडघ्यांसाठी फिरत होता. माया खरी होती. म्हणून तर थांबता येईना!

अखेर मिळाली! तळमजला, खिडकीत गंगा, भाडं निम्मं! किल्ली मुठीत धरून मोरेश्वरराव पायऱ्या उतरत सुटले. उतरतात तो काय — माणसं वर येतायत. पुजारी दिवे आवरतायत.

द्वारकाबाई तिथेच. पाय गंगेत सोडलेले, चेहरा उजळलेला.

"अगं, मिळाली! खिडकीतून गंगा दिसते!"

बाईंनी पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघितलं.

"आरती... झाली का गं?"

"झाली. फार सुंदर झाली. तुमचा पंचा अंथरून जागा धरली होती शेजारी. तिघांनी मागितली. म्हटलं, आमचे हे येतायत."

मोरेश्वररावांनी पंचा उचलला आणि ते त्या जागेवर बसले. तेव्हा कुठे, मंडळी, माणूस काशीला पोचला!

असंच देवाने आपल्या शेजारी तुमच्यासाठी जागा धरलीय हो! आणि तुम्ही म्हणता, "घर बांधतो, पोरीचं लग्न उरकतो — आलोच!" हसताय? ते खांबाजवळचे काका! कीर्तन सुरू झाल्यापासून चौथ्यांदा जागा बदलली त्यांनी, पंख्यासाठी! काका, कीर्तन संपत आलं. आहात तिथेच बसा — आणि सगळ्यांनी मिळून एकदा, पोटातून, नाव घ्या त्याचं!