तीस, तीस, तीस

नाही नाही, विचारा ना मॅडम, कंटाळा कसला — बसून बसून पाठीचं लाकूड झालंय, तेवढंच कोणीतरी बोलायला. फक्त त्या स्टुलावर बसू नका, त्याचा एक पाय आखूड आहे, काल समोरच्या बाईचे मिस्टर धाडकन पडले आणि वर मलाच म्हणतात, सांगायचं नाही का! जसं काही स्टूल मी माहेरहून आणलंय. इथे बसा, खाटेच्या कडेला. बाळाच्या पायाशी चालेल, तो काही हलत नाही. हां — तर काय म्हणालात, सिस्टरांनी मला काय काय शिकवलं? सगळं शिकवलं. लिहा, सगळं. हात धुवायला शिकवलं. एकवीस वर्षांच्या बाईला हात धुवायला शिकवतायत म्हणून मला आधी हसूच आलं, पण कोपरापर्यंत, नखांतून, बोटांच्या बेचक्यांतून असे धुतले ना, तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं हात नुसते ओले करत होतो. बाळाला छातीशी उभं धरून ऊब द्यायला शिकवलं. वाटी उकळायला, दूध काढायला, चमच्यानं गालाच्या कडेनं पाजायला, कमी दिवसांचा म्हणून अंगावर पीत नाही ना अजून — ओतायचं नाही, त्यानं ओढायचं. हे सगळं छोट्या सिस्टरनं. छोटी म्हणजे ती हो, खिडकीपाशी कपडे घड्या घालतेय ती, शिकाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असेल. मोठ्या सिस्टर म्हणजे टेबलावरच्या, त्या शिकवत नाहीत, त्या बघतात.

समजावून सांगितलं का? सांगितलं की. आणि शेवटी 'समजलं ना?' असंही विचारलं. मी हो म्हटलं. मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही नर्सिंगच्या कॉलेजातून आलाय, यातच मोठं शिक्षण घेताय म्हणून सांगते — हे 'समजलं ना' विचारणं बंद करा तुम्ही लोक. त्याला हो सोडून उत्तरच नसतं. शाळेत सातवीपर्यंत मी हेच केलं, सर विचारायचे समजलं का, आम्ही साठजणी एका सुरात हो, आणि पेपरात साठ भोपळे. मी हुशार होते तशी. अक्षर बघा माझं, तक्त्यावरचं — बघितलंत ना? सातवीनंतर धाकट्या दोघांना सांभाळायला घरी राहिले, नाहीतर मीही कुठल्या तरी टेबलापाशी बसले असते. असो. ते तुमच्या कागदात नको.

तक्ता? हाच. खाटेच्या पायाशी असतो. पहिल्या दिवशीच दिला हातात — दर तीन तासांनी दूध काढायचं, वाटीत मोजायचं, पाजायचं, किती गेलं ते इथे लिहायचं, ओले कपडे किती ते इथे, उलटी झाली तर इथे. दिवसातनं आठ वेळा. आधी म्हणे हे सिस्टरच करायच्या, आता वीस बाळं आणि दोन सिस्टर, म्हणून आयांच्या हातात दिलं. नाही, त्यासाठी नाही? आईनं स्वतः लिहिलं की तिला बाळाची जास्त समज येते, म्हणून? बरं. तुम्ही म्हणता तसं असेल. ड्यूटी संपताना छोटी सिस्टर येते, आमचे आकडे बघते, मोठ्या फाइलीत उतरवते, खाली सही करते. आणि डॉक्टर ती फाइल बघतात. म्हणजे बघा, माझं अक्षर डॉक्टरांपर्यंत जातं.

काय? माझा तक्ता? सगळ्यात नीट? कॉलेजात नमुना म्हणून दाखवणार? — काय सांगता. एकही रकाना रिकामा नाही, हो, ते मात्र खरं. मोठ्या सिस्टरांची सक्त ताकीद, रकाना रिकामा दिसता कामा नये. समोरच्या बाईचा बघा, अर्धा कोरा, तिचं लक्ष सगळं मोबाइलमध्ये. मला नाही तसं आवडत. लिहायला वेळ तो काय लागतो, सकाळी उठले की सगळं एकदम लिहून — तारीख. तारीख लिहून टाकते. वरची. मग दिवसभर आपलं एकेक.

तुम्ही काय टिपून घेतलंत आत्ता? तारीख म्हटलं मी.

थकवा? थकायला होतं हो. पण तक्रार नाही लिहायची. अकरावा दिवस आज. मिस्टर गाडीवर असतात, चार-चार दिवस येत नाहीत, फोनवर विचारतात कसंय पिल्लू, मी म्हणते मस्त. सासूबाई येतात दुपारच्या. त्यांचं एकच — आमच्या वेळी पदर भिजायचा बाई, हिची वाटीसुद्धा भिजत नाही. खाटेपाशी बसूनच म्हणतात, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, आणि वर डब्यातलं माझ्या तोंडात कोंबत राहतात, खा, खा, दूध येईल. वाईट नाहीत त्या. डबा घेऊन दोन गाड्या बदलून येतात. तोंड तेवढं — तोंडाला कोण काय करणार. म्हणजे असं नाही हं, की दूध येत नाही. येतं. तीस एमएल येतं. लिहिलंय ना, बघा, तीस, तीस, तीस.

बाळाचं काय... बाळ शहाणं आहे माझं. रडतच नाही. समोरचं ते भोकाड पसरतं बघा, दोन खोल्यांपलीकडे ऐकू जातं, आणि हे कार्टं — चुकून ओठ हलवतं तेवढंच. पहिले दोन-तीन दिवस रडायचं, नंतर आपोआप शांत झालं. सगळ्या बायका म्हणतात, नशीबवान आहेस, झोपू देतो तुला. आणि पायाला टिचकी मारली, कान चोळला, तरी डोळा उघडत नाही, इतकी गाढ — काय झालं? असं काय बघताय?

वजन तेवढं भरत नाही. पहिल्या दिवशी सतराशे ग्रॅम होता. परवा सोळाशे ऐंशी, काल सोळाशे चाळीस, आज सोळाशे. कोणाला काही कळतच नाही. डॉक्टर फाइल बघतात, दूध तीस, आठ वेळा, कपडे सात ओले, उलटी नाही — मग म्हणाले, बाळ बरोबर आहे, वजन करणारी चुकतेय. वजन छोटी सिस्टर करते ना. काल सगळ्यांसमोर बोलले तिला. आकडा वाचता येत नाही का, काट्यावर कपड्यासकट ठेवलंस का, डोकं घरी ठेवून येतेस का. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तुझ्या कॉलेजला कळवते, हा वॉर्ड पुन्हा करावा लागेल तुला.  नंतर ती बेसिनपाशी उभी राहून बाटल्या धूत होती, धुतलेल्याच पुन्हा धूत होती, मान खाली. मी इथून बघत होते. आणि मग मला विचारायला आली — मला, मॅडम — तुम्हाला काय वाटतं ताई, मी काटा बरोबर वाचला ना? मी म्हटलं, हो. मग आज दुसरा काटा आणला, खालच्या मजल्यावरचा, मोठ्या सिस्टरांनी स्वतः ठेवलं बाळाला. सोळाशे. तेव्हा डॉक्टरांनी फाइल पुन्हा उघडली. म्हणाले, एवढं दूध पोटात जाऊन वजन उतरतं म्हणजे आतड्यातच दोष दिसतोय. आज बारा वाजता नेणार आहेत. नळी घालून काहीतरी औषध सोडतात आणि फोटो काढतात. आधी रक्त काढणार. सोळाशेच्या जिवाच्या अंगात रक्त ते किती असणार हो?

नाही, रडत नाहीये मी. जागरण आहे नुसतं.

किती वाजले? अकराला दहा कमी... तुम्ही मघाशी म्हणालात ना, नाव लिहिणार नाही. वाटेल ते सांगा, इथे बरोबर-चूक काही नसतं. म्हणालात की नाही? आणि हा तक्ता तुम्ही कॉलेजात दाखवणार म्हणालात, नमुना म्हणून. तो नका दाखवू. माझं ऐका, समोरचीचा दाखवा, अर्धा कोरा असला तरी तिचाच दाखवा.

पहिल्या दिवशी मी खरं लिहिलं होतं. बारा. मग चौदा. मग दहा. राउंडला मोठ्या सिस्टरांनी तक्ता वर धरला आणि विचारलं, एवढंच? बस्स, एवढंच म्हणाल्या, ओरडल्या नाहीत, पण सासूबाई बाजूला उभ्या, समोरचीचे नातेवाईक उभे, सगळ्यांनी माझ्या छातीकडे बघितलं. जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. समोरचीच्या तक्त्यावर काय होतं, तर तीस. मीही तीस लिहिलं. शाळेत कधी कुणाचं बघून लिहिलं नाही हो मी, इथे लिहिलं, आणि कुणी पकडलंच नाही, उलट शाबासकी. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, बघा, असं हवं. मग एकदा तीस लिहिल्यावर खाली बारा कसं येणार? ते बघतील ना. मला वाटलं, दोन दिवसांत येईल खरंच तीस, तोवर लिहून ठेवू. वाटीत मोजायचंच सोडलं मी. काढते, जेवढं येईल तेवढं पाजते, कधी दहा, कधी पंधरा, कधी चमचाभर — आणि हा ओढतही नाही आता, तोंडाच्या कडेनं निम्मं मानेवर. ते पुसते. आणि कपडे, कपडे सात नसतात. काल तीन होते. आज... सकाळी सहाला एक. तोही जेमतेम.

छोट्या सिस्टरनं सांगितलं होतं मला, पहिल्याच दिवशी, कमी आलं तर घाबरायचं नाही ताई, लगेच सांगायचं, वरचं दूध देता येतं, त्यात लाज नाही. समजलं ना? मी हो म्हटलं. आणि मनात काय, माहितीय? की वरचं दिलं तर मग मी कशाला आहे? बाळ काचेच्या खोलीत नेतील, सिस्टर पाजतील, आणि मी इथे नुसती डबा खायला. आई म्हणून माझ्याकडे दुसरं होतं काय हो? ना मला औषध कळतं, ना ते यंत्र कळतं. दूध आणि हा तक्ता, एवढंच माझं.

वही का मिटलीत? मघापासून इतकं विचारत होतात. — काय करताय? त्याच्या पोटाची कातडी अशी चिमटीत का धरली? खाली बसत नाहीये म्हणजे काय? मॅडम, म्हणजे काय? अंगातलं पाणी आटलंय? भूक? माझं बाळ शहाणं नाही, भुकेलं आहे? — नाही, ओरडत नाही मी. मला कळलं होतं. परवापासून कळलं होतं. कोणाला सांगितलं नाही, तुम्ही आलात म्हणून, तुम्ही अनोळखी म्हणून...

कुठे निघालात? डॉक्टरांकडे? जा. धावत जा, त्या नळीचं थांबवा आधी. वरचं दूध आणायला सांगा, कुठलंही, कुणाचंही चालेल, चमच्यानं, नळीनं, कसंही. पण ती वही इथे ठेवून जा. नाही, ठेवा. हे तुमच्या अभ्यासाचं नाही. आणि मोठ्या सिस्टरांना वाटेत काही सांगत बसू नका, आधी डॉक्टर. छोटीला मी सांगणार. माझ्या तोंडून. तुम्ही उभ्या राहू नका माझ्यासमोर, मला तुमच्याकडे बघवत नाही — जा म्हटलं ना!

सिस्टर! अहो, छोट्या सिस्टर — ते कपडे राहू द्या. इकडे या. जवळ या, इथे खाटेपाशी.

तुमचा काटा बरोबर होता.