मावशीच्या पत्त्यावरची शाळा

नाव: डेनेशा प्रुइट. वय: २४. काम: वृद्धाश्रमात कपडे धुण्याचं. शिक्षण: नववी. राहणार: ११८, टॅनरी स्ट्रीट, वरचा मजला, कॉर्डेल गाव, ओहायो.

मी आज सकाळी नऊला स्वतःच्या पायाने चौकीत आले आणि सार्जंट बोलिंजर साहेबांसमोर बसून सांगते ते असं:

काल मी झोपलेली नाही. साहेबांचा माणूस काल कामावर येऊन सांगून गेला, उद्या जबाबाला या, नाहीतर आम्ही न्यायला येऊ. पोर माझ्या मावशीकडे झोपली होती, तिच्यासमोर न्यायला आले तर, म्हणून मी तिथंच बूट घालून दाराजवळ खुर्चीत बसून होते. डोळे लाल आहेत ते त्यामुळे. मी काही प्यायलेली नाही.

मला एक मुलगी आहे. नाव ज्युनेल, वय सहा. तिला दमा आहे. नवऱ्याचं विचारलं. नवरा नाही.

आमच्या पत्त्याला टॅनरी स्ट्रीटची शाळा लागते. गेल्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत ज्युनेल तिथं होती. त्या शाळेत नर्स फक्त मंगळवारी येते. पोरांचे दम्याचे पंप तिच्या कपाटात आणि किल्ली तिच्याकडे. फेब्रुवारीत एका गुरुवारी ज्युनेलला धाप लागली. मला फोन आला तेव्हा मी चादरी मशीनमध्ये घालत होते. मी पोचले तेव्हा झाडलोट करणारे काका स्क्रू-ड्रायव्हरने कपाटाच्या बिजागऱ्या काढत होते. दोन निघाल्या होत्या, एक राहिली होती. ज्युनेलचे ओठ कसे दिसत होते ते मी इथं सांगत नाही. हॉस्पिटलचा कागद जोडला आहे.

मोठ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, शाळेला आठवड्यातून एकच दिवस नर्स परवडते. पलीकडे ब्रायरली गाव आहे, गाडीने दहा मिनिटं. तिथली घरं मोठी, घरपट्टी मोठी, आणि ती घरपट्टी तिथल्याच शाळेला जाते. तिथं नर्स पाचही दिवस असते.

माझी मावशी लोरेटा गेन्स ब्रायरलीत लाँड्रीच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. मार्चमध्ये मी तिचा पत्ता घालून ज्युनेलचं नाव तिकडच्या शाळेत घातलं. हे मी लपवत नाही. फॉर्मवर विचारलं होतं, मूल कुठं झोपतं. मला खोटं लिहायचं नव्हतं. म्हणून मी तिचा पलंग खोलून मावशीकडे नेला आणि तिला खरंच तिथं झोपवलं. रविवार ते गुरुवार मावशीकडे, शुक्रवार-शनिवार माझ्याकडे. मार्चपासून असंच चालू आहे. मावशीने एकदा विचारलं, तू घरी गेल्यावर करतेस तरी काय गं. मी म्हटलं, झोपते.

आता साहेब सांगतात, मूल झोपतं ते धरत नाहीत, आई राहते ते धरतात. ते मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं. मला ते कुणी वाचून दाखवलं नाही.

या जानेवारीत ज्युनेलची छाती भरली. वाफ घ्यायचं मशीन माझ्या घरी आहे, म्हणून त्या आठवड्यात तीन दिवस ती माझ्याकडे होती. तारखा १३, १४, १५. तिन्ही सकाळी सव्वासातला मी तिला माझ्या दारातून गाडीत बसवून शाळेत सोडलं. समोर एक करडी गाडी उभी असायची. मला वाटलं, वीज तोडायला माणूस आलाय. तो ब्रायरलीच्या शाळेने पाळतीवर ठेवलेला माणूस होता. नाव लोमॅक्स, रिटायर पोलीस. त्याने चित्रण केलं. साहेबांनी ते मला आज दाखवलं.

तिसऱ्या दिवसाचं चित्रण सात बावीसला थांबतं. पुढे झालं ते मी सांगते. थंडीने त्याच्या गाडीची बॅटरी बसली. त्याने येऊन माझ्या काचेवर टकटक केली. मी डिकीतून बॅटरीला बॅटरी जोडायच्या वायरी काढल्या, माझी गाडी त्याच्या गाडीला तोंड करून लावली आणि त्याची सुरू करून दिली. ज्युनेल मागून त्याला हात करत होती. त्याने तिला विचारलं, कुठल्या शाळेत जातेस गं. तिने सांगितलं, बाईंचं नावसुद्धा सांगितलं. तो मला म्हणाला, देव तुमचं भलं करो. मग त्याच गाडीने तो आमच्या मागून शाळेपर्यंत आला. त्याच्या कागदात लिहिलंय की त्या दिवशी मूल आठ मिनिटं उशिरा पोचलं. उशीर कशाने झाला ते लिहिलेलं नाही.

साहेब म्हणाले, हे लिहून घ्यायची गरज नाही. मी म्हटलं, मग मी सही करत नाही. साहेबांनी घेतलं.

साहेबांनी विचारलं, मावशीच्या गल्लीत अशी दुसऱ्याच्या पत्त्यावरची आणखी किती पोरं आहेत. साहेब म्हणाले, "दोन नावं दे, पोरी. दोनच. कलम हलकं होईल बघ."

मी म्हटलं, "माझंच नाव दोनदा लिहा, साहेब."

खोट्या पत्त्यावर शाळा घेतल्याचा गुन्हा लागला तर तुरुंग होऊ शकतो, आणि मग कुठलाही वृद्धाश्रम मला कामावर ठेवणार नाही, हे मला समजावून सांगितलं. मला समजलं. मला भीती वाटते, तेही लिहा. चुकले असं मात्र लिहू नका.

वरचा मजकूर साहेबांनी मला वाचून दाखवला. मी सांगितल्यावर सावकाश, दुसऱ्यांदा वाचला. एका जागी "शिक्षण चोरलं" असं होतं, ते मी खोडायला लावलं आणि शेजारी सही केली. ज्युनेलच्या वर्गात एकवीस खुर्च्या होत्या, एकवीसच आहेत, कुणीही जाऊन मोजा. बाकी मी बोलले तसंच आहे.

माझा फोन इथं काढून घेतलाय, आणि मला कधी सोडतील ते सांगत नाहीत. ज्युनेल आत्ता शाळेत आहे, तीन दहाला सुटते. हे जो कुणी वाचेल त्याने माझा भाऊ डेल्विन प्रुइट याला फोन करा. तो हायवेवरच्या टायरच्या दुकानात असतो. त्याला म्हणा, पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे. आणि म्हणा, उद्या सकाळी तिला त्याच शाळेत सोड.