रावबा पाणक्या आन् ताणावरची बाग

ऐका. जवळ सरका, आन् मधी कुणी मोबाईल वाजवू नका. गोष्ट त्याचीच हाय.

माझी थोरली भावजय अनुसया. डाळिंबात ओल मोजायच्या दांड्या गावात पहिल्यांदा रोवल्या त्या तिनं. दांडी मातीत, आकडा मोबाईलवर. गाव हसलं! म्याबी हसलो, खोटं कशाला बोलू. "वयनी, मातीला ताप आलाय व्हय, नळी लावून बघायला?" ती म्हणाली, "भावजी, बहार फुटू द्या, मग बोलू."

बाग तवा ताणावर होती. ताण म्हंजे, महिनाभर झाडाला पाण्याचा थेंब दाखवायचा न्हाई. पानं गळत्यात. मग ताण तोडून पाणी दिलं की फुलंच फुलं! पर मधीच पाणी लागलं तर बहार गेला. वरीस गेलं.

त्या राती भाकरी खाऊन वयनीनं मोबाईल बघितला. ओढ्याकडच्या दांडीपाशी माती ओली! मोटारीला कुलूप, किल्ली हिच्या कनवटीला. मग पाणी आलं कुठनं? दादा गेलेला परगावी लग्नाला. मला हाळी मारायची, तर तिला वाटलं, ह्यो परत हसंल. माझ्या हसण्यापायी बाई एकटी निघाली रं. आजबी जिवाला लागतंय ते.

ओढ्याची वाट धरली तिनं, जुन्या विहिरीवरनं. वैशाखाची धूळ घोट्याएवढी. धा पावलं गेली, आन् पायाखाली चपक! बॅटरी मारली. कोरडी धूळ. पाऊल टाकलं, परत चपक! मग आवाज आला, पाट वाहतोय तसा. आता त्यो पाट मोडून बारा वर्सं झालेली, ऐकताय न्हवं? आन् बघती तर पाट समोर भरलेला! पाणी चढाला चाललेलं! खालनं वर! हातात मोबाईल थरथरला. ओल वाढली. परत थरथरला. आणखी वाढली. पाणी गुडघ्याला. पाणी कमरेला. मागं सरावं तर मागं विहीर.

तवा बांधावर दिसला. धोतर खोचलेलं, खांद्यावर खोरं. रावबा पाणक्या!

त्यो कोण, ठावं हाय? लोकांची रानं भिजवण्यात जल्म गेला त्याचा. दुष्काळात, आज पाणी येईल, उद्या येईल म्हणत पाटावर बसला, त्यो बसल्या जागी गेला. पर इमानी गडी. मालकानं सांगितल्याबिगर त्यानं कधी दारं फोडून पाटाचं पाणी रानात सोडलं न्हाई.

"बाई," म्हणाला, "झाडं तहानलीत. तीन राती ओंजळीनं घालतोय, पुरत न्हाई. दारं फोडू का?"

पाणी छातीला आलेलं. तिच्या जिभेवर 'व्हय' आलं. आपसूक! एक शब्द, की बहारबी गेला आन् बाईबी गेली.

तिनं जीभ चावली. मग म्हणाली, "थांब, रावबा. तहान म्या लावलीया, झाडं मारली न्हाईत. माझं नगं ऐकू, मातीला इचार. ज्याला पाणी घातलं न्हाईस त्या झाडाखाली हात घाल."

रावबा वाकला. कोपरापातूर हात मातीत घातला. आन् किती येळ हलंना. सगळं रान गप. पाणीसुदीक थांबलेलं.

"वर वाळलीया," म्हणाला. "खाली गारवा हाय. आठ दिस दम धरतील."

तेवढ्यात मोबाईल थरथरला. काय आलेलं त्यावर? 'आठ दिवसांनी ताण तोडा.'

वयनीनं त्याला वाचून दाखवलं. रावबा हासला, "तुझ्या दांडीचा हात चांगला हाय, बाई." आन् खोरं खांद्यावर टाकून गेला.

पाणी न्हाई, पाट न्हाई. वयनी विहिरीच्या काठावर उभी, एक टाच हवेत! चौफेर कोरडी धूळ, आन् लुगडं छातीपातूर भिजलेलं. सकाळी म्या ह्या हातानं चाचपलं. गार!

आठव्या दिवशी तिनं ताण तोडला. बाग अशी फुटली की फुलापुढं पान दिसंना! आता ह्या गावात दांडी नसलेली बाग दाखवा मला. माझ्याच बागेत तीन हायत. हसायला तोंड कुठं ऱ्हायलं?

पर दिस मावळल्यावर ओढ्याची वाट धरू नका. जवळची असली तरी नगं. आन् अंधारात कुणी इचारलं, दारं फोडू का, तर मेलात तरी व्हय म्हणू नका.

माझी बाग सध्या ताणावर हाय. आत्ता तुमी यायच्या आधी मोबाईल बघितला. ओढ्याकडच्या दांडीपाशी ओल चढलीया. ओंजळभरच.

उठा आता. घरला वरच्या वाटेनं जा.