शीलाच्या अंगावरचे काळे ठिपके

...हसा, हसा तुम्ही! तुमचं काय जातंय हसायला? तुम्ही सिडनीचे बंगलेवाले, कॅसल हिलवाले, केलीव्हिलवाले, तुमच्या हॉलमध्ये सोफा, टीव्ही, फार तर एखादं मनी प्लँट! माझ्या हॉलमध्ये सात फुटी अजगर आहे, आणि त्या अजगराला उवा झाल्या होत्या! आता तुम्ही म्हणाल, अरे धवल, सापाला केस नाहीत तर उवा कुठून? बरोब्बर! मीपण हेच म्हणालो होतो! पण होतात हो. उवा नाही म्हणायचं, माइट्स म्हणायचं. खवल्यांच्या फटीत शिरून बसतात आणि रक्त पितात. अजगराचं रक्त! म्हणजे अजगराला न घाबरणारं कुणीतरी जगात आहे... आणि ते खसखशीएवढं आहे!

तुम्हाला सांगतो, हे सगळं माझ्या तोंडाने केलं. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, एकच गोष्ट शिकलो, कुणी काहीही म्हटलं की म्हणायचं, 'नो वरीज!' डोकं विचार करायच्या आत तोंड मोकळं!

तेवीस साल. कोविडनंतर बॉर्डर उघडलेल्या, अख्खं पुणं, अख्खं हैदराबाद, अख्खं काठमांडू एकदम सिडनीत शिकायला उतरलेलं, आणि खोल्या? कुठल्या खोल्या! एका खोलीच्या इन्स्पेक्शनला पार वळणापर्यंत रांग! मी एका फ्लॅटच्या हॉलमध्ये झोपत होतो, हॉल म्हणजे फ्रीज आणि बाल्कनीच्या मधली जागा. कुणाला तहान लागली की फ्रीजचं दार माझ्या कपाळाला! अशात गिरावीनमधली ही जाहिरात दिसली. जुनं बैठं घर, मागे लिंबाचं झाड, मालकीण शेरिल. सत्तरीची बाई, जन्मभर सरकारी बस चालवलेली, नवरा गेलेला, मुलंबाळं नाहीत, आवाज असा की हॉर्नची गरज नाही. रांगेतल्या एकेकाला आत बोलावत होती आणि एकेक जण पांढराफटक होऊन बाहेर पडत होता. मला वाटलं, भाडं ऐकून!

माझा नंबर आला. "व्हॉट डू यू स्टडी, लव?" म्हटलं, आयटी. "अँड यू राइट विथ अ पायथन?"

अहो, काय आनंद झाला मला! ऑस्ट्रेलियात कुणीतरी पहिल्यांदा मला येणारी गोष्ट विचारली, आमची कॉम्प्युटरची भाषा, तिच्यात प्रोग्राम लिहितोस का! मी म्हटलं, "पायथन? ऑफकोर्स! इन पुणे, एव्हरी डे, एट अवर्स विथ पायथन!" बाईचे डोळे भरून आले. मला वाटलं, केवढा हा शिक्षणाबद्दल आदर! तिने उठून बाहेरच्या सगळ्या रांगेला घरी पाठवलं, माझ्या खांद्यावर हात टाकला, हॉलचा पडदा सारला... काचेची भलीमोठी पेटी. पेटीत दिवा. दिव्याखाली ओंडका. आणि मग तो ओंडका हलला!

"दिस इज शीला."

शीला! माझ्या सख्ख्या मावशीचं नाव! अहो, मला गॅसची नळी लांबून दिसली तरी घाम फुटतो, सोसायटीच्या बागेतला पाइप मी कधी ओलांडलेला नाही, आणि ही बाई विचारते, "यू राइट, डावल?" म्हणजे लिहितोस का नव्हे हो, चालेल ना तुला! तिला धवल म्हणता येत नाही, डावल म्हणते. माझ्या डोळ्यांसमोर एकीकडे शीला, दुसरीकडे फ्रीजचं दार... काय म्हणालो मी? नो वरीज!

मग सुरू झाला संसार. किचनला जायचं तर हॉलमधून. मी भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखा आडवा आडवा जायचो. फ्रीजर उघडावा तर माझ्या मटारांच्या शेजारी पिशवीत उंदरांच्या शेपट्या... शीलाचं जेवण! मी मटार खाणं सोडलं. पण शेरिल प्रेमळ हो. माझी युनीची परीक्षा असली की टोस्ट करून द्यायची, आणि मैत्रिणींना फोनवर सांगायची, "ही इज अ पायथन एक्स्पर्ट, फ्रॉम इंडिया!" खरं सांगायला मी रोज तोंड उघडायचो. उघडलं की आत टोस्ट जायचा.

आणि एक दिवस ही बाई लॉन बोल्सची, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाची, मॅच जिंकली, आनंदाने उडी मारली आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं! सत्तराव्या वर्षी उडी मारतं का कुणी? अँब्युलन्समधून मला फोन. स्वतः कळवळतीये, पण काळजी कुणाची? "शीलाकडे बघशील ना? तू आहेस म्हणून मला घोर नाही."

नो वरीज!

फोन ठेवला. घरात मी आणि ती. तुम्हाला सांगतो, सात फुटी शांतता असते ती.

तरी मी बघत होतो हं! म्हणजे दारातून, मोबाइलवर झूम करून. फोटो काढायचा, हॉस्पिटलला पाठवायचा. तर शीला आपली पाण्याच्या कुंडीत बसलेली. नुसती नाकपुडी वर. सकाळी कुंडीत, संध्याकाळी कुंडीत. मला वाटलं, उकडत असेल. शेरिलने फोटो बघितला आणि तिचा आवाजच बदलला. "डावल, जवळ जा. पाण्यात काळे ठिपके आहेत का बघ."

जवळ! हा शब्द बोलायला किती सोपा! गेलो. एक डोळा मिटून, म्हणजे भीती अर्धीच दिसेल. कुंडीच्या तळाशी कुणी तरी करपलेली खसखस सांडावी तसे ठिपके. शीलाच्या डोळ्याच्या कडेला ठिपके. हनुवटीच्या घडीत ठिपके. म्हटलं, कचरा असेल, ओंडक्याचा भुसा असेल... आणि त्यातला एक ठिपका चालायला लागला!

मी सांगितलं, चालतोय. पलीकडे शेरिलचा हॉर्न एकदम बारीक झाला. हळूच म्हणाली, "माइट्स असतील. म्हातारी झालीये रे ती, रक्त गेलं तर टिकायची नाही. लेनने तिला अंड्यातून बाहेर येताना बघितलं होतं." लेन म्हणजे तिचा नवरा. "शेवटी शेवटी तो कुणाला ओळखायचा नाही. मलासुद्धा नाही. शीलाला हातावर ठेवलं की तेवढा हसायचा... माझ्याकडे त्याचं तेवढंच उरलंय, लव. प्लीज."

नो वरीज म्हणालो. पण त्या वेळेला, तुम्हाला सांगतो, नुसत्या तोंडाने नाही, मनापासून म्हणालो.

फोन ठेवला आणि अंग खाजायला लागलं! मान, कान, पाठ, तळपाय... सगळीकडे खसखस चालतीये! तेवढ्यात चिंचवडहून आईचा फोन. "आवाज का असा रे?" मी रडकुंडीला आलेलो, बोलून गेलो, "आई, शीलाच्या अंगावर उवा झाल्यात गं, रक्त पितायत, आता मलाच तिला आंघोळ घालायचीये!" आई एकदम थंड. "बरं," म्हणाली आणि ठेवला फोन. घरी अजगराचं सांगितलेलंच नव्हतं, आणि मावशी तिकडे, मी इकडे, हा विचार कुणी करेल तर शपथ! थोड्या वेळाने मावशीचा फोन! "धवल, मी तुला लहानपणी कडेवर घेऊन हिंडले, आणि तू माझ्याबद्दल असलं सांगतोस? माझ्या सुनेपर्यंत गेलं सगळं!" म्हटलं, मावशी, तू नाहीस, अजगर! "अजगर म्हणतोस मला?" कट!

मग बोलावलं चारुताला. चारुता माझ्या वर्गातली, नाशिकची, तोंडाने वाघीण. "साप काय रे, आमच्या मळ्यात ढिगाने!" आली, पडदा सारला, शीलाने जीभ बाहेर काढली, आणि वाघीण थेट डायनिंग टेबलावर! तिथून शेवटपर्यंत उतरली नाही. पण वरून सापांच्या डॉक्टरणीला फोन लावला, स्पीकरवर. डॉक्टरीण काय शांत हो! जशी काही भेंडीची भाजी सांगतीये. साप बाहेर काढा, झाकणाला भोकं असलेल्या डब्यात कोमट पाण्यात बसवा, नाक वर राहू द्या. पेटीतला भुसा, लाकूड सगळं पिशवीत बांधून बाहेर. पेटी कढत पाण्याने कोपऱ्याकोपऱ्यातून पुसा, औषध मारा, वाळू द्या, खाली साधा कागद घाला, म्हणजे ठिपके दिसतील. "इझी, माइट!" म्हणाली. मी दचकलोच! मला वाटलं, मलाच माइट म्हणतीये. चारुता टेबलावरून ओरडली, "मेट म्हणतीये ती, मेट, म्हणजे दोस्त!"

मी तयार झालो. डोक्यावर हेल्मेट, संध्याकाळी सायकलवर जेवणं पोचवायचो त्या डिलिव्हरीचं, अंगात रेनकोट, हातात शेरिलचे ओव्हनचे जाड मोजे. काच सरकवली. शीला नेमकी कुंडीबाहेर, दिव्याखाली पसरलेली. चारुता वरून, "मधे धर! डोक्याकडून नको!" अगं, तुला वरून मधलं दिसतंय, मला सगळीकडे तीच दिसतीये! हात घातला... मोज्यातून पकडच येईना. शीला माझ्याकडे बघतीये. सापाला पापण्या नसतात हो, बघायला लागला की बघतच राहतो! शेवटी मोजे काढले. उघडे हात. मनात म्हटलं, आई, चुकलं माकलं माफ कर, आणि उचललं!

थंड नव्हती हो ती. मला जन्मभर वाटत होतं, साप म्हणजे गिळगिळीत, थंडगार. तर कोरडी, उबदार, आणि जड! गाढ झोपलेलं मूल उचलावं तशी जड. आणि ती आली ना माझ्या हातावर! मनगटावरून दंडावर, दंडावरून रेनकोटच्या बाहीत! चारुता किंचाळतीये, "हलू नकोस!" अगं, हलायला पाय कुठायत! मी नुसता बोलत सुटलो, मराठीत, "शीला, बाई, असं नाही करायचं, बाहेर ये, तुला आंघोळ घालतो, तुझ्या अंगाची खाज जाईल, शेरिल येणारे, ये गं बाई..." काय कळलं तिला देव जाणे, आली बाहेर. डब्यातल्या पाण्यात बसली. पाणी काळं व्हायला लागलं, ठिपकेच ठिपके वर. आणि तिने डोकं माझ्या मनगटावर टेकवलं. मी रडलो. भीतीने रडलो, लिहून घ्या, भीतीनेच!

मग मी पेटी घासायला लागलो. हात घासतायत, मनात एकच, झालं, सुटलो. मागे वळून बघतो, तर डब्याचं झाकण तिरकं आणि डबा... रिकामा!

तुम्हाला सांगतो, साप दिसतो तेव्हाची भीती म्हणजे काहीच नाही. दिसत नाही तेव्हाची खरी! चारुता टेबलावर खुर्ची ठेवून खुर्चीवर चढली. मी सोफ्याखाली बघितलं, पडद्यामागे बघितलं, चुलीच्या मागे, वॉशिंग मशीनमध्ये, बुटांत... सात फुटांचा साप बुटात कसा मावेल? पण भीतीला माप असतं का? तेवढ्यात शेरिलचा फोन. "कशी आहे माझी पोरगी?" मी काय म्हणालो असेन? ...नो वरीज! आवाज असा की जणू बकरी बोलली!

आता दारं-खिडक्या बंद, घर बंद, म्हणजे ती आतच आहे, आणि आपणही आतच आहोत. तेवढ्यात मोबाइलवर डिलिव्हरीची ऑर्डर वाजली, सवयीने हात गेला हीटरजवळच्या माझ्या डिलिव्हरीच्या बॅगकडे, उचलली... रिकामी बॅग जड कशी? झिप अर्धी उघडी. आत, जिथे लोकांची बिर्याणी राहते, तिथे उबेला शीला वेटोळं करून निवांत! मी झिप ओढली, बॅग छातीशी धरली आणि तिथेच फरशीवर बसलो. ऑर्डर वाजतीये, वाजतीये... वाजू दे! त्या वेळी त्या बॅगेत जे होतं ते कुणाच्याही जेवणापेक्षा मोठं होतं.

मग तेच पुन्हा, कितीतरी आठवडे. आंघोळ, औषध, कागद बदलायचा, ठिपके बघायचे. एकदा दिसायचे बंद झाले आणि मला आनंद झाला, तर परत दोन दिसले, म्हणजे अंडी फुटली, परत पहिल्यापासून! भीती गेली का? नाही! रोज तेवढीच! फक्त भीतीला आता घाई नसायची, मलाही नसायची.

शेरिल वॉकर घेऊन घरी आली. कोट न काढता थेट पेटीपाशी. पांढरा टिश्यू घेतला, शीलाच्या हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेने, पोटावरून डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवला. उजेडात धरला. पांढराशुभ्र! मग माझा हात धरून म्हणाली, "लेनला तू आवडला असतास." म्हटलं, आता खरं सांगून टाकावं. "शेरिल, मला सापांची फार भीती वाटते. आधीपासून." ती हसली, "अरे, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं! भिंतीला असा चिकटलास की रंग निघाला! एक्स्पर्ट म्हणायचे ते तुला धीर यावा म्हणून! पण पळाला नाहीस. बाकीचे पळाले."

इथे संपलं असतं तर मी आज तुमच्यासमोर उभा कशाला राहिलो असतो?

परवा तिच्या क्लबातला एक म्हातारा वृद्धाश्रमात गेला. त्याचा अजगर निराधार. नाव ब्रूस. शेरिलच्या डोळ्यांत पाणी. "त्याला कोण बघणार, डावल?" आता नव्या सापाला पहिले काही महिने वेगळ्या खोलीत ठेवावं लागतं, शीलाला त्याचे माइट्स लागायला नकोत. हॉलमध्ये शीला. शेरिलच्या खोलीत वॉकर आणि हॉस्पिटलचा पलंग. राहिली कुठली खोली? मी चाचरत विचारलं, "शेरिल, पण... त्या खोलीत मी आहे ना?"

"अरे, तुझं चालतं! दुसरा साप असला तर त्याला टेन्शन येतं."

काल आला. माझ्या उशाशी आहे पेटी. टेन्शन अजिबात नाही त्याला... मस्त झोपतो हो तो.