पाहुणीचं ताट

चिक्कडपल्लीच्या किराणा दुकानात हर्षदा रांगेत उभी होती. पुढच्या मालतीबाई मैत्रिणीला तणतणून सांगत होत्या.

“लेकानं आठवडाभराचा स्वयंपाक फ्रिजवर लिहून लावलाय. म्हणे किराण्याचा खर्च आटोक्यात राहतो.”

“हौ, चांगलंच आहे की.”

“काय चांगलं? कणीकसुद्धा माणसं मोजून भिजवायची. परवा बुधवारी ऐन जेवायच्या वेळी नल्लकुंट्याहून माझी बहीण आली.”

“मग?”

“माझं ताट तिला वाढलं. मला उपास आहे म्हटलं.”

“बुधवारी कसला उपास, मालती?”

“तिनंही हेच विचारलं.”

“आणि लेक?”

“तो म्हणाला, बघ आई, ना कमी पडलं, ना उरलं.”

“आणि बहीण?”

“काल पुन्हा आली, तर येताना स्वतःचा डबा घेऊन आली. माझ्या घरी.”